चाकांवरची शर्यत : खुर्ची, कडें आणि खांदा

अमेरिकेंतील बोस्टन शहराची मॅरॅथॉन शर्यत १८९७ सालीं सुरू झाली. तिच्या चालकांकडे १९७५ सालीं एक चमत्कारिक वाटणारी विनंति आली. बॉब हॉल नांवाच्या एका तरुणाचे पाय लहानपणीं पोलिओनें दुबळे झाले होते. चाकांच्या खुर्चींत बसून, केवळ हातांच्या बळावर, ४२ किलोमीटर १९५ मीटरांचें सारें अंतर तोडण्याची परवानगी त्याला हवी होती. चालकांनीं अट घातली कीं, तीन तासांच्या आंत पोंचलास तर पायीं धांवणारांप्रमाणें तुलाहि प्रमाणपत्र मिळेल. हॉलनें २ तास ५८ मिनिटांत अंतिम रेषा ओलांडली आणि प्रमाणपत्र मिळविलें.

त्यानंतर ४९ वर्षांनीं, एप्रिल २०२४ मध्यें, त्याच मार्गावर स्वित्झर्लंडच्या मार्सेल हूग यानें तेंच अंतर १ तास १५ मिनिटें ३३ सेकंदांत तोडलें. वाटेंत एका वळणावर त्याची खुर्ची कठड्यावर आदळून उलथली होती, तरीहि हा वेळ लागला. हा वेग ताशीं ३३ किलोमीटरांहून अधिक पडतो. शिकागो येथें २०२३ सालीं केनियाच्या केल्व्हिन किप्टम यानें पायीं धांवून विक्रम केला, तेव्हां त्याला २ तास ३५ सेकंद लागले होते. म्हणजे ज्याला पाय चालवितां येत नाहींत तो मनुष्य सर्वोत्तम धांवपटूला पाऊण तासानें मागें टाकतो.

येथें सहजच प्रश्न उभा राहतो. अर्ध्या शतकांत माणसाचे हात कांहीं दुपटीनें बळकट झाले नाहींत. मग वेळ निम्म्याहून कमी झाला तो कशानें? खुर्ची सुधारली हें उत्तर खरें आहे, पण तें अर्धेंच आहे. खुर्ची नेमकी कशांत सुधारली, माणसाच्या शरीराशीं तिचा मेळ कसा घातला गेला, आणि या सुधारणेचा लाभ शर्यतीच्या बाहेर असलेल्या सामान्य पांगळ्या माणसाला काय, हें समजून घेण्यासारखें आहे.

खुर्चीवरील खेळांचा उगम रणांगणावर झाला असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पाठीचा कणा दुखावून कमरेखालीं लुळे पडलेले अनेक सैनिक इंग्लंडांतील रुग्णालयांत येऊं लागले. अशा रोग्यांपैकीं बहुतेक शय्याव्रण व मूत्रमार्गाचे विकार यांनीं थोड्याच काळांत दगावत, अशी तोंपर्यंतची स्थिति होती. १९४४ च्या फेब्रुवारींत स्टोक मॅंडेव्हिल येथें या रोग्यांकरितां स्वतंत्र विभाग उघडण्यांत आला व त्याची सूत्रें डॉ. लुडविग गुटमन यांच्या हातीं दिलीं गेलीं. गुटमन हे नाझी जर्मनींतून १९३९ सालीं इंग्लंडांत आश्रयास आलेले ज्यू वैद्य. रोगी अंथरुणावर पडून राहिला तर तो शरीरानें व मनानेंहि मरतो, म्हणून त्याला कामाला व खेळाला लावलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाच्याच दिवशीं, त्यांनीं रुग्णालयाच्या आवारांत सोळा पांगळ्या सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली; त्या सोळांत दोन स्त्रिया होत्या. १९५२ सालीं हॉलंडचे खेळाडू येऊन मिळाले. १९६० सालीं रोम येथें २३ देशांचे सुमारें ४०० खेळाडू जमले. तेच पहिले पॅरालिंपिक सामने होत.

या परंपरेशीं महाराष्ट्राचाहि जवळचा संबंध आहे. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरजवळच्या पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून पांगळे झाले. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक. पाण्यांत उतरल्यावर खुर्ची लागत नाहीं. तेथें माणूस आणि त्याचे हात एवढेंच असतें. जमिनीवर मात्र तसें नाहीं. तेथें पांगळ्या खेळाडूची परीक्षा होते त्याच वेळीं त्याच्या खुर्चीचीहि परीक्षा होते.

ती खुर्ची त्या काळीं कशी होती? १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज या दोघांनीं पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची बनविली. एव्हरेस्ट हे खाणींतील अपघातानें स्वतः पांगळे झालेले इंजिनियर. खुर्चीखालीं कातरीसारख्या दोन आडव्या-तिडव्या दांड्या असत. त्यामुळें ती मिटून मोटारींत ठेवतां येई. त्यापूर्वीच्या लांकडी खुर्च्यांच्या मानानें ही मोठीच सोय होती. परंतु तिचें वजन वीस किलोंच्या पुढें असे. सर्वांना एकाच मापाची, पाठीमागें दोन मुठी असलेली, हातांना टेकूं देणारी अशी ही खुर्ची मुळांत दुसऱ्यानें ढकलावी या कल्पनेवर उभी होती. बसणारा मनुष्य हाच तिचें इंजिन आहे, ही गोष्ट तिच्या रचनेंत कोठेंच लक्षांत घेतलेली नव्हती. स्टोक मॅंडेव्हिलच्या रोग्यांनीं आरंभीं पोलो व पुढें बास्केटबॉल खेळावयास सुरुवात केली ती असल्याच जड खुर्च्यांत बसून.

आतां खुर्ची पुढें जातांना तिला कशाकशाशीं झगडावें लागतें तें पाहूं गेल्यास, चढाव सोडून दिला तर, तीन विरोध मुख्य दिसतात.

पहिला विरोध जडत्वाचा. थांबलेली वस्तु हलविण्यास व हलत्या वस्तूचा वेग वाढविण्यास तिच्या वजनाच्या प्रमाणांत बळ लागतें. बास्केटबॉलमध्यें खेळाडू क्षणोक्षणीं थांबतो, वळतो व पुन्हां सुटतो. तेथें खुर्चीचें प्रत्येक किलो वजन हाताला जाणवतें. परंतु सपाट रस्त्यावर एकदां वेग आल्यावर वजनाचें महत्त्व वाटतें तितकें उरत नाहीं. ७० किलोंचा माणूस २० किलोंच्या खुर्चींत बसला तर एकंदर भार ९० किलो होतो. खुर्ची १० किलोंची केली तर तो ८० किलो होईल. म्हणजे खुर्ची निम्म्यानें हलकी झाली, पण एकंदर भार नवव्या हिश्शानेंच घटला. वजन कमी करणें इष्ट खरें. परंतु तेवढ्यानेंच सारें साधतें असें मानणारा फसतो.

दुसरा विरोध जमिनीच्या घर्षणाचा. टायर जमिनीला टेकतो त्या जागीं तो थोडा चेपतो आणि पुढें गेल्यावर पुन्हां फुगतो. या चेपण्या-फुगण्यांत कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. टायरमध्यें हवा कमी असेल तर तो अधिक चेपतो व अधिक शक्ति खातो. चाक लहान असेल तरीहि नुकसान होतें, कारण लहान चाक बारीकसारीक खांचेंत उतरतें व तेथून वर चढण्यास त्याला अधिक बळ लागतें. नेहमींच्या खुर्चीला पुढें दोन छोटीं फिरतीं चाकें असतात. बसणाराचा भार त्यांवर जितका अधिक पडेल तितकी खुर्ची जड चालते. मोठ्या चाकांचा आंस थोडा पुढें घेतला कीं भार मोठ्या चाकांवर येतो व तीच खुर्ची एकदम हलकी भासूं लागते. मात्र आंस फार पुढें घेतला तर ती मागें कलंडण्याचें भय असतें. याहून सूक्ष्म दोष म्हणजे दोन्ही मोठीं चाकें एकमेकांना नेमकीं समांतर नसणें. त्यांचीं तोंडें एकदोन अंशांनीं आंत वा बाहेर वळलेलीं असलीं तर प्रत्येक चाक सरळ गडगडण्याऐवजीं थोडें घासत जातें. डोळ्यांना हा दोष दिसत नाहीं. बसणाराला मात्र आज आपणांतच कांहीं बळ नाहीं असें वाटत राहतें.

तिसरा विरोध वाऱ्याचा. घरांत किंवा रस्त्यानें सावकाश जातांना तो नगण्य असतो. परंतु त्याचा नियम मोठा कडक आहे. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यासाठीं दर सेकंदास लागणारी शक्ति आठपट होते. ताशीं ५ किलोमीटर वेगाची ताशीं ३० किलोमीटर वेगाशीं तुलना केली, तर विरोध ३६ पट व शक्ति २१६ पट होते. म्हणूनच शर्यतींतील खेळाडू ताठ बसत नाहीं. तो गुडघे दुमडून, छाती जवळजवळ मांड्यांना टेकवून, वाऱ्याला शक्य तितकें कमी अंग देतो. खुर्चीहि त्याचमुळें बदलली. १९८० नंतरच्या दशकांत पुढील दोन छोट्या चाकांच्या जागीं लांब दांड्याच्या टोकाशीं एकच चाक आलें व खुर्ची तीन चाकांची झाली. एक चाक गेलें तेवढें घर्षण व तेवढा वारा कमी झाला, आणि लांबी वाढल्यामुळें भर वेगांतहि ती सरळ जाऊं लागली. मागील चाकांचे तारेचे आरे वारा घुसळतात म्हणून त्यांच्या जागीं कार्बन तंतूंच्या सपाट तबकड्या आल्या.

हे तीन विरोध बाहेरचे झाले. चौथी अडचण शरीराच्या आंत आहे आणि तीच सर्वांत मोठी आहे. माणूस किती प्राणवायु वापरतो हें मोजून त्याच्या शरीरांत किती शक्ति खर्च झाली तें ठरवितां येतें. त्या खर्चापैकीं प्रत्यक्ष गतीसाठीं किती शक्ति उपयोगी पडली याचें प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. सायकलस्वाराच्या बाबतींत हें प्रमाण शेंकडा वीसच्या पुढें जातें. खुर्चीचें कडें ढकलणाराच्या बाबतींत तें शेंकडा दहाच्या आसपासच अडतें. बाकीची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. म्हणजे चुलींत शंभर काटक्या घालाव्या आणि दहाच काटक्यांच्या आंचेनें अन्न शिजावें असा हा व्यवहार आहे.

असें कां व्हावें? एक तर पायांच्या मानानें हातांचे स्नायु लहान. दुसरें असें कीं, खांद्याचा सांधा चोहोंकडे फिरण्यासाठीं निर्माण झाला आहे, ओझें ओढण्यासाठीं नव्हे. मांडीचें हाड खोल वाटींत घट्ट बसलेलें असतें. दंडाचें हाड मात्र उथळ बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखें असतें. त्याला जागेवर धरून ठेवण्यांतच आजूबाजूच्या स्नायूंची बरीच शक्ति खर्च होते. तिसरें कारण म्हणजे सायकलीचा पायटा पायाखालून सुटत नाहीं. खुर्चीचें कडें मात्र दर खेपेस पकडावें लागतें, ढकलावें लागतें व सोडावें लागतें. फिरतें कडें पकडतांना हाताचा वेग त्याच्या वेगाहून थोडा जरी कमी पडला तरी हात ब्रेकचें काम करतो. पुढें हात मोकळाच मागें न्यावा लागतो आणि त्या वेळांत कामगिरी शून्य.

कडें म्हणजे मोठ्या चाकाच्या बाहेरच्या अंगास बसविलेली गोल नळी. हात टायरला न लावतां या नळीला लावतात. दांडे मागेंपुढें करून किंवा हातांनीं पायटे फिरवून चालणारें वाहन यापेक्षां अधिक कार्यक्षम असतें, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. हातांनीं पायटे फिरवावयाच्या सायकलींच्या शर्यतीहि वेगळ्या होतात. परंतु खुर्चींच्या शर्यतींत दांडे, सांखळी, गिअर यांना नियमानें बंदी आहे. प्रत्येक मोठ्या चाकाला एकच साधें गोल कडें असावें, मोठ्या चाकाचा व्यास ७० सेंटिमीटरांहून व लहान चाकाचा ५० सेंटिमीटरांहून अधिक नसावा, असा दंडक आहे. तेव्हां सारी कारागिरी या मर्यादेच्या आंतच चालते.

तरीहि एक प्रकारचा गिअर खेळाडूच्या हातीं राहतोच. तो म्हणजे कड्याचा आकार. रोजच्या खुर्चीचें कडें चाकाहून थोडेंच लहान असतें. शर्यतीच्या खुर्चीचें कडें चाकाच्या निम्म्या व्यासाच्या आसपास असतें. समजा, चाक ७० सेंटिमीटरांचें व कडें ३५ सेंटिमीटरांचें आहे. मग हात एक मीटर फिरला कीं खुर्ची दोन मीटर जाते. भर वेगांत खुर्ची सेकंदास नऊ मीटर धांवत असतां हाताला सेकंदास साडेचार मीटर वेगानेंच फिरावें लागतें. कडें चाकाएवढें असतें तर हाताला नऊ मीटरांचा वेग गांठावा लागला असता, आणि तो कोणाच्याहि आवांक्यांतला नव्हे. परंतु निसर्ग कांहीं फुकट देत नाहीं. लहान कड्यावर दुप्पट बळ लावावें लागतें. म्हणून सुरुवातीस खुर्ची हलतां हलत नाहीं. थोड्या अंतराच्या शर्यतीला सुटण्याचा क्षण महत्त्वाचा, तर लांब शर्यतीला टिकणारा वेग महत्त्वाचा. त्यामुळें कोणतें कडें घ्यावें हा खेळाडूच्या अनुभवाचा व हाताच्या लांबीचा प्रश्न होऊन बसतो.

इतक्या वेगानें फिरणारें कडें मुठींत धरतां येत नाहीं. म्हणून शर्यतींतील खेळाडू तें पकडतच नाहीं, तर त्यावर आघात करतो. हातांत कठीण हातमोजे असतात. ते पूर्वीं चामड्याचे व चिकटपट्ट्या गुंडाळलेले असत. आतां खेळाडूच्या मुठीचा सांचा घेऊन कठीण प्लास्टिकचे बनवितात. मूठ वळलेली असते. आंगठ्याची व बोटांच्या सांध्यांची बाजू कड्याच्या माथ्याशीं आपटते, पुढच्या अंगानें खालीं रेटत नेते व तळाशीं पोंचतांच मनगटाच्या झटक्यानें सुटते. मिनिटाला शंभर तडाखे धरले तरी सव्वा तासांत साडेसात हजार तडाखे होतात. संगीताच्या मैफलींत तबलजीचा हात जसा ठोक्यानंतर आपोआप वर उठतो, तसाच या खेळाडूचा हात सुटून वर येतो. त्यांत जोर आहे तितकाच तालहि आहे.

आतां बैठकीकडे वळलें पाहिजे. हॉलंडमधील लुकास व्हान डेर वाऊडे व त्यांचे सहकारी यांनीं खुर्चीच्या बैठकीची उंची बदलून प्राणवायूचा खर्च मोजला. हात कड्याच्या अगदीं माथ्यावर ठेवला असतां कोपर सुमारें १०० ते १२० अंशांत वांकलेलें असेल, तेव्हां श्रम कमी पडतात, असें त्यांस आढळलें. बैठक याहून उंच झाली तर हात कड्याच्या थोड्याच भागापर्यंत पोंचतो; याहून खालीं गेली तर खांदे वर उचलून धरावे लागतात. नियम साधाच आहे, पण त्याचा अर्थ असा कीं, एकाच मापाची खुर्ची सर्वांना चालणार नाहीं. शिंपी जसा अंगाचें माप घेऊन कपडा बेततो, तशीच खुर्ची बेतली पाहिजे. कण्याला कोठें इजा झाली आहे यावरहि रचना अवलंबून असते. पोटाचे व पाठीचे स्नायु शाबूत असलेला मनुष्य धडाचा झोंक हातांच्या मदतीस आणूं शकतो. ज्याचें धडच सांवरत नाहीं त्याला खोलगट बैठक व घट्ट पट्टा लागतो. नाहीं तर तो कडें ढकलण्याऐवजीं स्वतःच मागें ढकलला जातो.

या संशोधनांतील एक निष्कर्ष तर फार बोधप्रद आहे. कड्याला लावलेलें बळ कोणत्या दिशेनें जातें हें मोजण्यासाठीं मोजणीचीं उपकरणें बसविलेलीं चाकें तयार झालीं. त्या कामांत अमेरिकन इंजिनियर रॉरी कूपर यांचा मोठा वांटा आहे. कूपर हे स्वतः खुर्चीवर बसणारे असून १९८८ च्या सेऊल पॅरालिंपिकमध्यें त्यांनीं कांस्यपदक मिळविलेलें आहे. मोजणी केल्यावर असें दिसलें कीं, लावलेल्या बळाचा सगळा भाग कड्याच्या फिरण्याच्या दिशेनें लागत नाहीं. बराचसा भाग आंसाकडे वा बाजूला दाबला जातो व त्यानें चाक फिरत नाहीं. शास्त्रज्ञांना वाटलें, माणसाला नेमक्या दिशेनें बळ लावावयास शिकविलें कीं कार्यक्षमता वाढेल. २००२ सालीं हॉलंडमध्यें हा प्रयोग करण्यांत आला. शिकणारांना समोर पडद्यावर त्यांच्या बळाची दिशा दाखविण्यांत येई. ते दिशा सुधारावयास शिकले. परंतु त्यांची कार्यक्षमता वाढण्याऐवजीं घटली! कारण कागदावर सरळ दिसणाऱ्या त्या दिशेनें बळ लावावयाचें तर कोपराच्या व खांद्याच्या स्नायूंना एकमेकांविरुद्ध झगडावें लागतें. शरीर आपल्या सोयीनें जी थोडी वांकडी दिशा निवडतें तीच त्याला स्वस्त पडते. यंत्राचें गणित शरीरावर जसेंच्या तसें लादतां येत नाहीं, हा धडा येथें मिळाला. बदलावयाचें तें खुर्चीला बदलावें, माणसाला नव्हे, हें सूत्र त्यामुळें अधिकच पक्कें झालें.

निरनिराळ्या खेळांच्या खुर्च्या पाहिल्या म्हणजे हें सूत्र कसें अंमलांत आलें तें दिसतें. बास्केटबॉल व टेनिस यांच्या खुर्चींचीं मोठीं चाकें वरून आंत कललेलीं व खालून बाहेर फांकलेलीं असतात. हा कल पंधरा-वीस अंशांपर्यंत असतो. पाय फांकून उभा राहणारा पहिलवान जसा सहज पडत नाहीं, तशी ही खुर्ची बाजूला कलंडत नाहीं आणि जागच्या जागीं गर्रकन् वळते. शिवाय कड्याचा माथा खांद्याच्या जवळ येतो व दोन खुर्च्या एकमेकींना भिडल्या तरी बोटें चेंगरत नाहींत. कॅनडांतील विनिपेग येथें १९७७ सालीं सुरू झालेल्या खुर्चीवरील रग्बींत तर टक्कर देणें हाच खेळाचा भाग आहे. तेथें चढाई करणाराच्या खुर्चीला बाजूंनीं पंखासारखें कवच असतें, म्हणजे ती अडकत नाहीं. बचाव करणाराच्या खुर्चीला पुढें आंकड्यासारखी चौकट असते, म्हणजे ती दुसऱ्याला अडकवूं शकते. शर्यतीच्या खुर्चीला वळणाची वेगळीच युक्ति लागते. धांवपट्टीच्या वळणावर हात कड्यावरून काढून सुकाणूं धरला तर वेग जातो. म्हणून पुढील चाकाला एक खिटी जोडलेली असते. वळण आलें कीं खेळाडू तिच्यावर एक चापट मारतो. चाक ठराविक कोनांत वळून राहतें. वळण संपलें कीं दुसरी चापट, आणि चाक पुन्हां सरळ.

आतां या साऱ्या प्रगतीची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्यें, २०२१ सालीं, मार्सेल हूग यानें चार सुवर्णपदकें मिळविलीं. त्याची खुर्ची स्वित्झर्लंडमधील ऑर्थोटेक या संस्थेनें, मोटारींच्या शर्यतींत नांवाजलेल्या साउबर या कंपनीच्या मदतीनें बनविली होती. वाऱ्याच्या बोगद्यांत तिची परीक्षा झालेली होती. हूगचें कौशल्य व श्रम यांविषयीं कोणासहि शंका नाहीं. परंतु अशी खुर्ची किती देशांच्या खेळाडूंना मिळूं शकेल? विजय माणसाचा कीं कारखान्याचा, हा प्रश्न येथें उभा राहतो. नियमांनीं चाकाचें माप बांधलें, गिअर वर्ज्य केले, पण पैशाचें माप त्यांना बांधतां आलेलें नाहीं. गरीब देशांतील खेळाडू जुनी, दुसऱ्याच्या मापाची खुर्ची घेऊन रेषेवर उभा राहतो, तेव्हां बंदुकीचा आवाज होण्यापूर्वींच तो कांहीं मीटर मागें पडलेला असतो.

असें असलें तरी, शर्यतीसाठीं झालेलें काम शर्यतीपुरतेंच राहिलें असें मात्र नाहीं. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत मॅरिलिन हॅमिल्टन ही तरुणी पंखाच्या यानांतून उडतांना कोसळली व पांगळी झाली. रुग्णालयांतून मिळालेली जड पोलादी खुर्ची तिला सहन होईना. तिचे दोन मित्र तींच उडतीं यानें बनवीत असत. त्यांनीं त्याच अल्युमिनियमच्या नळ्यांतून तिच्यासाठीं सुमारें बारा किलोंची, घडी न होणारी, खेळांतहि चालेल अशी खुर्ची बनविली. तीच पुढें 'क्विकी' या नांवानें बाजारांत आली आणि रंगीत, हलक्या, मापाच्या खुर्च्यांचा प्रघात पडला. भारतांतहि मद्रासच्या आय. आय. टी.नें २०२५ सालीं सुमारें नऊ किलोंची, माणसाच्या मापाप्रमाणें बेतावयाची खुर्ची पुढें आणली. पुण्याजवळ खडकी येथील पंगु सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रांत जवान खुर्चींत बसून बास्केटबॉल खेळतात, तो खेळहि याच परंपरेंतला.

या विषयाचा खरा गाभा पदकांत नाहीं, तर खांद्यांत आहे. ज्याचे पाय गेले त्याचे खांदे हेच पाय होतात. खुर्ची ढकलणें, खुर्चींतून पलंगावर जाणें, वरच्या फळीवरचा डबा काढणें, हें सर्व त्याच दोन सांध्यांनीं करावयाचें. वर्षानुवर्षें जड व बेमाप खुर्ची ढकलून खुर्चीवरील पुष्कळांचे खांदे व मनगटें दुखावतात. चालणाराचा खांदा दुखला तर तो चार दिवस हात गळ्यांत बांधून हिंडतो; खुर्चींतल्या माणसाचा खांदा दुखला कीं त्याचें हिंडणेंच थांबतें. शेंकडा दहा ही कार्यक्षमता शेंकडा अकरा झाली, तर शर्यतींत त्याचा अर्थ एक पदक. घरांत त्याचा अर्थ असा कीं, कोणाला हांक न मारतां माणूस स्वतः दारापर्यंत जाऊन टपाल घेऊं शकतो.

आपल्याकडे अनेक घरांतून अजूनहि रुग्णालयांत दिसते तशीच खुर्ची आणली जाते. ती घेतांना दुकानदार किंमत सांगतो, घरचे लोक ती घडी होते कीं नाहीं हें पाहतात, आणि जो तींत बसणार त्याचें माप कोणीच घेत नाहीं. वास्तविक कांहीं गोष्टी घरच्या घरीं पाहतां येतात. बसणाराच्या कमरेच्या दोन्ही बाजूंस एकेक बोट जाईल एवढीच जागा असावी. खुर्ची फार रुंद असली तर हात बाहेर फांकतात व खांदे झिजतात. हात कड्याच्या माथ्यावर ठेवल्यावर कोपर काटकोनाहून थोडें अधिक उघडें असावें. टायरमध्यें हवा भरपूर असावी. ती दर आठवड्यास पाहावी. पुढील छोट्या चाकांच्या आंसाभोंवतीं केस व दोरे गुंडाळले जातात, ते काढीत जावे. आंस पुढें-मागें सरकविण्याची सोय असेल, तर जाणत्या माणसाकडून तो योग्य जागीं बसवून घ्यावा आणि मागें कलंडूं न देणारे छोटे टेकू लावावे. मागच्या मुठी धरून ढकलावयास कोणी सदैव सिद्ध असेल तरीहि हें करावें. कारण खुर्ची नीट बसली म्हणजे पुष्कळदां बसणाराच म्हणतो कीं, आतां मुठी सोडा, मी जातों.

१९७५ सालीं बॉब हॉलनें चालकांजवळ मागितलें होतें तें याहून निराळें नव्हतें. स्वतःच्या हातांनीं स्वतःचा रस्ता तोडण्याची परवानगी त्याला हवी होती. पुढें त्यानें शर्यतीच्या खुर्च्या बनविण्याचाच उद्योग आरंभिला व इतरांना वेग मिळवून दिला. जी खुर्ची एके काळीं आजाऱ्याला एका दालनांतून दुसऱ्या दालनांत नेण्याचें साधन होती, ती अशा माणसांच्या हातीं पडल्यावरच बसणाराच्या मापाची झाली.